पाक मार्सुदींचे तीनशे बारा पाहुणे

पाक मार्सुदींनी बासष्ट वर्षांत कुणाला तोंडावर 'नाही' म्हटलं नव्हतं. जावा बेटावरच्या क्लातेन गावात, जिथे वडीलधाऱ्या पुरुषाला 'पाक' आणि बाईला 'बू' म्हणतात, ही काही फुशारकीची गोष्ट नव्हे. तिथे तोंडावर नाही म्हणणारा माणूस एकतर परगावचा असतो, नाहीतर तापात असतो. कुणी जेवायला बोलावलं तर म्हणायचं 'इंग्गिह', म्हणजे 'हो जी'. जायचं नसलं तरीही 'इंग्गिह'च म्हणायचं, फक्त जरा लांबवून आणि नजर चहाच्या पेल्यात ठेवून. बोलावणाऱ्याला बरोबर कळतं की हे काही येत नाहीत, आणि तो एक पान कमी वाढतो. कुणाचं मन मोडत नाही, भात वाया जात नाही.

पोस्टात पस्तीस वर्षं मार्सुदी याच एका शब्दावर तरून गेले. तरून गेले असं म्हणायचं, पण वरच्या साहेबाला पेल्यातली नजर वाचता येत नसल्यामुळे नको असलेल्या बदल्या त्यांनी तीनदा पदरात पाडून घेतल्या. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. मार्सुदींच्या घरी ती सख्ख्या बहिणीसारखी नांदत होती.

घरात कॉम्प्युटर आला तेव्हा अडचण एवढीच झाली की तो क्लातेनचा नव्हता.

सुरुवात पारव्यापासून झाली. मार्सुदींच्या ओसरीवर उंच पिंजऱ्यात एक पर्कुतुत पारवा होता. तो आठवडाभर घुमेना, म्हणून मार्सुदी इंटरनेटवर त्याचं औषध शोधायला बसले. एक पान उघडलं. औषधाच्या आधी एक छोटी चौकट पुढे आली आणि तिनं विचारलं, 'आम्ही आपल्याला अधूनमधून बातम्या पाठवू का?' खाली दोन बटणं. एकावर 'परवानगी द्या', दुसऱ्यावर 'अडवा'.

मार्सुदी चपापले. दारात कुणीतरी चपला काढून, वाकून, 'येऊ का' म्हणून विचारतोय आणि आपण त्याला 'अडवा'? हे बटण बनवणाऱ्याला आईवडील नसावेत, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं. त्यांनी परवानगी दिली. मग त्या चौकटीनं आपल्या मावसभावाला आणलं, त्यालाही दिली. भटाला दिली ओसरी तर भट हातपाय पसरतो. इथे तर आठ दिवसांत ओसरी, माजघर आणि स्वयंपाकघर सगळंच गेलं. पारवा आपला आपण घुमू लागला, पण आता त्याचं कौतुक करायला कुणाला सवड नव्हती.

कारण पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून दर दोन मिनिटांनी कुणीतरी डोकावत होतं. कधी पोट कमी करण्याचं तेल. कधी बक्षिसाची मोटारसायकल. कधी जुगाराची रंगीत चाकं गरगर फिरायची आणि वर सोन्याचा ड्रॅगन डोळा मारायचा. आणि कधी कधी खांदे उघडे टाकलेली एक बाई यायची आणि म्हणायची, 'मी क्लातेनमध्येच राहते, एकटी आहे.'

"ही कोण?" बू हार्तिनींनी, म्हणजे मार्सुदींच्या पत्नीनं, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं.

"मी ओळखत नाही गं, बू."

"ती तर ओळखते तुम्हाला. गावाचं नाव घेऊन बोलतेय."

एरवी हा संसारातला साधा खडखडाट ठरला असता. पण येत्या रविवारी निंग्रुमला मागणी घालायला सोलो शहराहून पाहुणे येणार होते. निंग्रुम ही मार्सुदींची एकुलती एक मुलगी. बोयोलालीच्या दूध संघात गुरांची डॉक्टर होती. पहाटे उठून रबरी बूट घालायची आणि अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायची. मुलगा, ब्रामांत्यो, चांगला होता. त्याचे वडील पाक कुसुमोयुदो हे मात्र जुन्या दरबारी घराण्यातले. त्यांच्या वाक्यात क्रियापद इतक्या उशिरा यायचं की तोवर ऐकणारा आपसूक वाकलेला असायचा. मुलाच्या आजी नव्वदीच्या, त्यांना प्रवास झेपत नव्हता. तेव्हा असं ठरलं होतं की मार्सुदींच्या कॉम्प्युटरवरून त्यांना जोडायचं आणि बैठकीतल्या मोठ्या टीव्हीवर सगळ्यांसमक्ष त्यांचा आशीर्वाद घ्यायचा. म्हणजे जे काही कोपऱ्यातून डोकावेल ते पन्नास पाहुण्यांना, हातभर मोठं दिसणार होतं.

निंग्रुमची काळजी मात्र वेगळीच होती. तिनं वडिलांना आधीच विचारलं होतं, "बापाक, लग्नानंतर नोकरी सोड असं ते म्हणतील. ब्रामच्या आईनं दोनदा सुचवलंय. तुम्ही बोलाल ना?"

"इंग्गिह," मार्सुदी म्हणाले, आणि त्यांची नजर पेल्यात होती.

निंग्रुमला काय ते बरोबर कळलं. ती क्लातेनचीच होती.

सल्ला देणाऱ्यांत पहिला मान गल्लीप्रमुख पाक गियार्तो यांचा. गल्लीत पाणी तुंबो, मांजर मरो किंवा कुणाचा जावई रुसो, गियार्तो हजर. ते आले, खुर्ची ओढून बसले आणि सोन्याच्या ड्रॅगनकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

"मार्सुदी, हे साधं काम आहे. गल्लीच्या ग्रुपवर मी मागे कॉम्प्युटरचं एक सफाईयंत्र टाकलं होतं. फुकट. सगळं झाडून काढतं."

"तुमच्याकडे चाललं का?"

"मी नाही घातलं. माझ्या कॉम्प्युटरला कुठे काय झालंय?"

सफाईयंत्रानं घरात पाऊल ठेवण्यापूर्वी नऊ प्रश्न विचारले. माझ्याबरोबर माझा इंटरनेट-शोधक आणू का? पहिलं पान मी बदलू का? हवामान सांगणारी पट्टी लावू का? मार्सुदींनी नऊ वेळा मान तुकवली आणि नऊ वेळा होकार दिला. मग यंत्रानं मोठा भोंगा वाजवून जाहीर केलं की या घरात तेरा विषाणू आहेत. दर दहा मिनिटांनी ते पुन्हा जाहीर करू लागलं. आधीची बाई, तेल आणि ड्रॅगन तर गेले नाहीतच, वर हवामानाची पट्टी ओस्लो गावात बर्फ पडल्याचं सांगत राहिली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. गियार्तो म्हणाले, "म्हणजे निदान रोग किती आहे ते तरी कळलं," आणि चहा पिऊन गेले.

त्यांचा दुसरा सल्ला जास्त कठीण निघाला. "समजा रविवारी ती बाई आलीच टीव्हीवर, तर तुमच्या हाताशी कागद पाहिजे. या जाहिरातींशी तुमचा संबंध नाही असा. शिक्क्यासकट. मी शिफारसपत्र देतो, तुम्ही गावच्या कचेरीत जा."

मार्सुदींना जायचं नव्हतं, म्हणून ते 'इंग्गिह' म्हणाले आणि गेले. कचेरीतल्या बाईंनी तक्रारीचा तक्ता उघडला. त्यात चोरी, हाणामारी, हरवलेली वस्तू आणि मोकाट जनावरं एवढेच रकाने होते.

"काय हरवलंय?"

"हरवलं काही नाही. उलट जास्तीचं आलंय."

"जास्तीचं आल्याची तक्रार कुणी करत नाही, पाक."

बाईंनी बराच विचार करून ते मोकाट जनावरांत बसवलं. तासाभरानं हातात कागद पडला: 'सदरहू कॉम्प्युटर हा सद्वर्तनी गृहस्थाच्या मालकीचा असून त्यात शिरलेल्या जनावरांवर त्यांचं नियंत्रण नाही.' खाली निळा शिक्का. आयुष्यभर लोकांच्या कागदांवर शिक्के मारलेल्या माणसाला त्या शिक्क्याकडे बघवेना. घरी येईपर्यंत चार जणांनी 'कोणती जनावरं?' म्हणून विचारलं.

बुधवारी पडदा तांबडाभडक झाला. 'कॉम्प्युटर बंद करू नका, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा.' मार्सुदींनी केला. पलीकडच्या माणसानं अशी मऊ, अदबशीर जावानी भाषा काढली की मार्सुदी खुर्चीत सावरून बसले. इतकं शुद्ध बोलणारा माणूस लबाड असेल ही शंकासुद्धा त्यांना असभ्य वाटली.

"आपल्या फोनवर सहा आकडे आले असतील. तेवढे या सेवकाला वाचून दाखवण्याची कृपा व्हावी."

आता पोस्टातल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते: दुसऱ्याच्या नावानं आलेलं पाकीट फोडायचं नाही आणि आपल्या नावाचं दुसऱ्याला द्यायचं नाही. आकडे द्यावेत असं मार्सुदींना काही वाटेना. पण नाही कसं म्हणायचं?

"इंग्गिह, इंग्गिह," ते म्हणाले. "चष्मा तेवढा शोधतो. आपण मूळचे कुठले?"

माणूस म्हणाला, पुर्वोरेजोचा. पुर्वोरेजोला मार्सुदींची एक बदली झाली होती. मग तिथल्या पोस्टामागचं चिंचेचं झाड निघालं. मुलं किती? दोन. मोठा काय करतो? आकडे? इंग्गिह, चष्मा सापडला, पण आता फोन चार्जिंगला लावावा लागेल. आई आहेत का? गुडघे दुखतात? त्यावर आल्याचा लेप. आकडे? इंग्गिह, देतोच, पण दाराशी कुणी आलंय वाटतं. चाळीस मिनिटांनी त्या माणसाचा आवाज अगदी खोल गेला. तो साध्या बाजारी भाषेत म्हणाला, "आजोबा, द्यायचे नाहीत तर तसं सांगा ना!" आणि त्यानं फोन आपटला.

मार्सुदींना ते फार लागलं. "निरोपही न घेता ठेवला गं," ते हार्तिनींना म्हणाले. "आईचे गुडघे दुखतात म्हणत होता. चांगल्या घरचा वाटला होता."

शेवटी हार्तिनींनीच पुढाकार घेतला. बाजारामागे छायाप्रती काढून देणाऱ्या आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बू रोस्मिदांचं दुकान होतं. त्या सुमात्रा बेटाकडच्या, रोखठोक बोलणाऱ्या बातक लोकांपैकी. वीस वर्षं क्लातेनमध्ये राहूनही त्यांचा आवाज एक पट्टीसुद्धा खाली आला नव्हता. गावात कुणी त्यांना सहसा घरी बोलावत नसे, कारण त्या विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत.

शुक्रवारी दुपारी त्या आल्या, चहा नको म्हणाल्या (हार्तिनींच्या हातातला ट्रे हलला), आणि कॉम्प्युटरसमोर बसल्या. बटणं कडकड वाजली.

"पाक, या मोटारसायकलवाल्याला घरात कुणी घेतलं?"

"मी."

"आणि हा तेलवाला?"

"तोही... मीच."

"ही बाई?"

मार्सुदींनी हार्तिनींकडे पाहिलं. "तिनं परवानगी मागितली हो. रीतसर."

रोस्मिदांनी एक यादी उघडली. ती वर सरकवली, अजून वर सरकवली, मग बोटानं मोजायचं सोडून खालचा आकडा वाचला. "तीनशे बारा! पाक, तुम्ही तीनशे बारा जणांना 'या' म्हटलंय. विषाणू-बिषाणू काही नाही. ही सगळी तुम्ही बोलावलेली माणसं आहेत!"

सफाईयंत्र त्यांनी मुळासकट उपटलं. हवामानाची पट्टी काढली, शोधक हाकलला, पहिलं पान पूर्ववत केलं. मग खऱ्याखुऱ्या तपासनीस प्रोग्रॅमनं सगळा कॉम्प्युटर पालथा घालून पाहिला. उरली यादी. रोस्मिदांनी खुर्ची रिकामी केली आणि म्हणाल्या, "बसा."

"मी?"

"ही यादी मी एका झटक्यात पुसू शकते. पण सोमवारी तुम्ही सगळ्यांना परत बोलावाल. रोग रेड्याला आणि औषध पखालीला कशाला? एकेकाला 'अडवा' म्हणा. तुमच्या हातानं."

"तीनशे बारा जणांना?"

"आमच्याकडे मूल बोलायला लागलं की आधी 'नाही' शिकतं, पाक. तुम्हाला जरा उशीर झालाय, तेव्हा लवकर सुरुवात करा."

मार्सुदींनी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तेच तर येत नव्हतं. ते बसले. पहिल्या नावावर बाण नेला, 'माफी असावी' असं पुटपुटले आणि डोळे मिटून 'अडवा' दाबलं. काही झालं नाही. कुणी रडलं नाही, कुणी दारातून पाठ फिरवून गेलं नाही. दुसऱ्याची माफी मागितली, तिसऱ्याची मागितली. विसाव्यापर्यंत माफी आखूड झाली. साठाव्याला ती गळून पडली. शंभराव्याच्या पुढे मार्सुदींची मान ताठ झाली आणि त्यांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या. तीन नको असलेल्या बदल्या, शेजाऱ्यानं नेलेली आणि न आणलेली शिडी, दर वर्षी गळ्यात पडणारं गल्लीच्या वर्गणीचं काम, सगळं त्या यादीत एकेक करून दिसू लागलं असावं, कारण दोनशेच्या सुमाराला ते मोठ्यानं म्हणाले, "नाही!"

हार्तिनी पळत स्वयंपाकघरातून आल्या. "काय झालं? कुणाला लागलं?"

"काही नाही," रोस्मिदा म्हणाल्या. "बरे होतायत."

त्या बाईचं नाव दोनशे नव्वदावं निघालं. मार्सुदी क्षणभर थबकले. हार्तिनी मागे उभ्या होत्या. मार्सुदींनी 'अडवा' दाबलं.

रविवारी पाहुणे आले. चिकट भाताच्या वड्यांची तबकं, फळं, बातिकची कापडं, सगळं रांगेत मांडलं गेलं. टीव्हीवर आजी दिसू लागल्या. खरं तर त्यांचं अर्धं कपाळच दिसत होतं, बाकी सोलोच्या घराचं छत. हार्तिनी मुद्दाम टीव्हीजवळ बसल्या होत्या, मांडीवर एक जाड शाल घेऊन. काही डोकावलंच तर पडद्यावर टाकायची तयारी होती. गियार्तोंनी कचेरीचा कागद खिशात ठेवला होता. मार्सुदींचा डोळा उजव्या कोपऱ्यावरून हलत नव्हता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कोपरा कोराच राहिला. आजींनी आशीर्वाद दिला, सगळ्यांनी मान तुकवली, आणि मार्सुदींनी कित्येक दिवसांत पहिला पूर्ण श्वास घेतला.

नेमक्या त्याच वेळी पाक कुसुमोयुदो बोलू लागले.

"आपल्या कन्येसारखं नाजूक फूल, पाक मार्सुदी, आमच्या ओसाड अंगणात यावं हे आमचं भाग्य. तेव्हा या वयोवृद्ध माणसाच्या मनात असं येतं की, त्या फुलानं पहाटेच्या थंडीत गोठ्यांतून कष्ट का सोसावेत? लग्नानंतर त्या कष्टांतून तिची सुटका व्हावी, एवढीच नम्र विनंती."

सगळी बैठक मार्सुदींकडे पाहू लागली. पुढचा शब्द सगळ्यांना पाठ होता. हार्तिनींनी चहा ओतायला घेतला, गियार्तोंनी मान हलवायला आधीच सुरुवात केली. निंग्रुम मात्र वडिलांकडे बघत नव्हती. ती आपल्या हातांकडे बघत होती.

मार्सुदींची नजर सवयीनं पेल्यात गेली. मग ती वर आली.

"नाही," ते म्हणाले.

चहा बशीत सांडला. कुसुमोयुदो मंद हसले. त्यांच्या कानांवर हा शब्द इतकी वर्षं पडला नव्हता की तो आपल्यासाठी असेल असं त्यांना वाटलंच नाही. "बरोबर आहे, एकदम सोडणं जड जातं. मग आठवड्यातून तीनच दिवस..."

"नाही."

"पहिलं मूल होईपर्यंत, समजा..."

मार्सुदींना आता ओळख पटली. बंद केली की तीच चौकट दुसऱ्या रंगात पुन्हा उघडते. "नाही, पाक. माफी असावी," ते म्हणाले. त्यांचा आवाज थरथरत होता, पण शब्द हलत नव्हता. "रात्री-बेरात्री शेतकरी तिला बोलावतात आणि ती जाते. गाई वाचतात. ती नोकरी सोडणार नाही. लग्न मोडायचं असेल तर मला फार वाईट वाटेल. मी रडेनसुद्धा. पण नाही."

गियार्तो खोकले. ब्रामांत्यो उठून निंग्रुमच्या बाजूला जाऊन बसला. कुसुमोयुदोंनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा मार्सुदींकडे पाहिलं. त्यांच्या तोंडात एक लांबलचक वाक्य तयार होत होतं, पण त्याला क्रियापद सापडेना.

"काय म्हणाले ते?" टीव्हीवरच्या कपाळानं विचारलं. "मला ऐकू येत नाही."

"आई, ते नाही म्हणाले," कुसुमोयुदो ओरडून म्हणाले.

"कोण? मुलीचे वडील?" कपाळ जवळ आलं. "मग मुलगी चांगल्या घरची आहे. तारीख ठरवा."

तारीख ठरली. जाताना कुसुमोयुदोंनी मार्सुदींचा हात दोन्ही हातांत धरला आणि जरा जास्त वेळ धरून ठेवला. तो राग होता की आदर, हे मार्सुदींना कळलं नाही, आणि पहिल्यांदाच त्यांनी त्याची फार फिकीर केली नाही.

पाहुणे गेल्यावर बैठकीत तबकं आणि खुर्च्या तशाच पडल्या होत्या. निंग्रुम भरजरी पोशाखातच कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली.

"काय शोधतेस गं?" मार्सुदींनी विचारलं.

"एक कागद आहे, बापाक. राजीनामा. शुक्रवारी लिहून ठेवला होता."

"कुणी मागितला तुझ्याकडे?"

"कुणी नाही." ती थांबली. "मला वाटलं, तुम्ही हो म्हणाल."

मार्सुदींना फोन आपटणाऱ्या माणसाचं लागलं होतं, कचेरीच्या शिक्क्याचं लागलं होतं, पण हे त्याहून खोल गेलं. मुलीनं बापावर इतका पक्का भरवसा ठेवला होता, आणि तो असा. ते तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसले.

निंग्रुमनं तो कागद निवडला. पडद्याच्या मधोमध एक चौकट उघडली: 'हे कायमचं काढून टाकायचं?' खाली दोन बटणं. 'हो' आणि 'नाही'.

मार्सुदींनी चष्मा लावला. प्रश्न वाचला, पुन्हा एकदा वाचला. मग मुलीच्या हाताखालून माउस हलकेच काढून घेतला आणि 'हो' दाबलं. या वेळी त्यांना तेच म्हणायचं होतं.